हसवण्याचं काम

"आई, तू चार दिवस कुठेतरी जा ना."

ऋजुता हे भिंतीकडे तोंड करून म्हणाली. मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेले होते आणि आमच्या शाळेच्या नव्या शिपायाने शिक्षणाधिकारी बाईंना घाबरून 'वहिनी' कसं म्हटलं, त्याची नक्कल करून दाखवत होते. नक्कल फक्कड झाली होती. ती हसलीही होती. हसली, कूस बदलली आणि हे वाक्य बोलली.

"कुठे जाऊ? हिमालयात?"

"कुठेही. तुझ्यासाठीच सांगतेय."

"आणि तुझ्या जेवणाचं? तुझ्या बाबांनी वरणाला फोडणी दिली की शेजारचे बंब बोलावतात."

ती पुन्हा हसली. पाठमोरीच. खांदे हलले तेवढे मला दिसले.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. ऋजुता तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होती. दिवाळीला म्हणून कोल्हापूरला घरी आली आणि परत गेलीच नाही. विचारलं की म्हणायची, "बरं वाटत नाही." रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. ती दिवसचे दिवस पलंगावर पडून असायची आणि मी तिच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. भिंतीकडे तोंड करून झोपलेलं माणूस मला बघवत नाही. मग मी सुरू व्हायचे.

मला ते जमायचंच. मी शाळेत मराठी शिकवायचे, पण गावात माझी ओळख होती सूत्रसंचालनाची. कुणाचा निरोप समारंभ असो, साठी असो, नाहीतर पतसंस्थेचा वर्धापनदिन. घाटगे मॅडमच्या हाती माइक दिला की लोक खुर्च्या सोडत नसत. अहो, दहाव्यालासुद्धा बायका माझ्याभोवती जमायच्या. "शैला आली, आता जरा बरं वाटेल," असं म्हणायच्या. मला त्याचा अभिमान होता.

ऋजुता दोनदा डॉक्टर केळुसकर बाईंकडे जाऊन आली होती. त्या मानसोपचारतज्ज्ञ. मग तिने तेही बंद केलं. त्यांचा मला फोन आला. आजऱ्याच्या पुढे त्यांचं एक निवासी शिबिर होतं, त्याला या म्हणाल्या.

"ऋजुताला पाठवते की."

"तिला नाही, तुम्हाला बोलावतेय."

"मला काय झालंय?"

"काही झाल्याशिवाय यायचं नाही असा नियम नाही आमच्याकडे."

दिनकर, माझे मिस्टर, म्हणाले, "जा. मी रजा टाकतो." लेकीने आणि नवऱ्याने मिळून घराबाहेर काढलेली मी बहुधा तालुक्यातली पहिली बाई असेन, असं मी बॅग भरताना म्हटलं. दोघेही हसले.

शिबिर एका बंद पडलेल्या आश्रमशाळेत होतं. मागे काजूची झाडं, पुढे मोकळं पटांगण. गेल्यागेल्या फोन काढून घेतले आणि कार्यालयातल्या कपाटात ठेवले. माझे हात तिथूनच सैरभैर झाले. पदर नीट कर, चष्मा पूस, पुन्हा पदर.

सकाळी अण्णा मठकर ध्यान घ्यायचे. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, अगदी सावकाश बोलणारे. "श्वास येतोय... बघा. श्वास जातोय... बघा." सगळे डोळे मिटून बसले. मीही बसले. क्षणात नाक खाजायला लागलं. मग गुडघा. मग वाटलं, गॅस चालू राहिला असेल. मग ऋजुताची पाठ दिसली. मी डोळे उघडले आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यांचं निरीक्षण करत बसले.

नाश्त्याला पोहे होते. मी ताटली हातात धरून अण्णांच्या आवाजात म्हटलं, "पोहे येतायत... बघा. पोहे जातायत... बघा." अख्खी पंगत फुटली. अण्णा माझ्या मागेच उभे होते. तेही मनापासून हसले.

"नक्कल झकास आहे," ते म्हणाले. "ती करायच्या आधी पोटात काय होतं हो तुमच्या?"

"भूक लागते."

पुन्हा हशा. अण्णा मान हलवत म्हणाले, "हसवा, काही हरकत नाही. फक्त त्याच्या आधीचा एक क्षण असतो, तो सापडतोय का बघा."

मी हसून सोडून दिलं. पण तेवढं वाक्य दाताच्या फटीत अडकल्यासारखं राहिलं.

नाश्त्यानंतर गटचर्चा असायची. एका वर्गखोलीत सतरंज्या टाकून गोलात बसायचं. डॉक्टर केळुसकरांचे नियम साधे होते. आपल्याविषयी बोलायचं. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्या दिवशी कुणी सासूबद्दल बोललं, कुणी दारूबद्दल. कुणाचा आवाज चिरकला की माझ्या अंगात काहीतरी टुणकन उभं राहायचं आणि तोंडातून विनोद निघून जायचा. लोक हसायचे, खोली हलकी व्हायची. डॉक्टर नुसत्या माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याने मला जास्तच चेव यायचा.

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव बोलायला लागले. मुरगूडकडचे, पंपाच्या मोटारींचं दुकान होतं त्यांचं. अंगापिंडाने दणकट, मिशा भरघोस. वर्षभरापूर्वी त्यांची बायको अंजनाबाई गेल्या होत्या.

"आमचं जन्मभर भांडाण कशावरनं, तर टीव्हीवरनं," ते म्हणाले. "मला आवाज मोठा लागतोय. ती सैपाकघरातनं वरडायची, 'आवाज कमी करा की ओ, कान गेलं का?' मी मुद्दाम कमी करायचो न्हाई. आता घरात कोण न्हाई. टीव्ही लावतो, मोठा करतो. कोण वरडत न्हाई. मग मीच... मीच म्हणतो, 'आवाज कमी करा की ओ.' आणि कमी करतो."

एवढा मोठा माणूस खाली मान घालून हुंदके द्यायला लागला. कुणी हलत नव्हतं. माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि मी म्हटलं,

"श्रीपतराव, एक बरं झालं म्हणा, रिमोट तरी तुमच्या हाती आला!"

एकदोघे फिसकन हसले. बाकीचे नाही. श्रीपतरावांनी ओल्या डोळ्यांनी वर बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले. "व्हय, त्ये मात्र खरं," म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसलं.

"शैलाताई," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "श्रीपतराव रडत होते."

"हो, म्हणून तर हसवलं. बरं वाटलं त्यांना. विचारा हवं तर."

"वाटलं, बरं वाटलं," श्रीपतराव घाईने म्हणाले.

"ते रडत होते तेव्हा तुम्हाला काय होत होतं?"

"मला काय व्हायचंय? पायाला मुंग्या आल्या होत्या."

"आणखी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माइक हातात असताना शेकडो लोक बघतात तेव्हा मला काही होत नाही. इथे मात्र हात पुन्हा पदराकडे आणि चष्म्याकडे गेले. मी म्हटलं, "आणखी काही नाही. जरा जाऊन येते," आणि उठून बाहेर पडले.

थेट कार्यालयात गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, घरी मुलगी आजारी आहे, फोन दे. माझं तोंड बघून तिने काही न विचारता कपाट उघडलं.

"सगळं ठीक आहे," दिनकर म्हणाले. "ऋजू आज छान होती. सकाळी चक्क हसत होती. मला म्हणाली, 'बाबा, आईच्या माघारी तुम्ही तिच्यापेक्षा चांगला स्वयंपाक करता, तिला सांगू नका.' तू कशाला काळजी करतेस?"

बरी बातमी होती. तरी मला चैन पडेना. मी फोन परत दिला आणि पटांगणात चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. घंटेचा खांब, पाण्याची टाकी, पुन्हा खांब. आत गट उठला तरी मी चालतच होते.

श्रीपतराव टाकीपाशी हात धुवायला आले. मी म्हटलं, "माफ करा हं. तुम्हाला लागलं असेल तर."

"छ्या, लागतंय कशाला?" त्यांनी हात झटकले. मग जरा घुटमळले. "बाई, एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा की."

"मी हसलो ना मघाशी, ते जोकला न्हाई हसलो."

"मग?"

"तुमचं तोंड बघून हसलो. म्हंजे तसं न्हवं. चिखलात वासरू रुतलं की त्याचं डोळं कसं होतंय, तसं तुमचं डोळं झालतं. म्हटलं, आता आपण जर हसलो न्हाई तर ह्या बाईचं काय खरं न्हाई. म्हणून हसलो."

"म्हणजे खोटंच हसलात."

"खोटं कशाला? तुमच्यासाठी हसलो."

ते जेवायला निघून गेले. मी मात्र तिथेच टाकीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. जेवणाची घंटा झाली, कुणीतरी हाक मारली, मी हात केला. मला जेवण नको होतं. माझ्या डोक्यात एक दुपार उघडी पडली होती. ती मी विसरले नव्हते; उलट आयुष्यभर मिरवत आले होते. पण आता ती दुसऱ्याच बाजूने दिसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे गोलात बसले आणि मी म्हटलं, "मला बोलायचंय." माझी सवय माहीत असल्याने दोघेतिघे आधीच हसायच्या तयारीत बसले.

मी त्यांना आईचं सांगितलं. आम्ही तेव्हा गडहिंग्लजला होतो. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, वसुलीच्या कामाने फिरतीवर असायचे. धाकटा भाऊ जन्मला आणि नंतर महिनाभरातच गेला, तेव्हापासून आई अंथरुणाला टेकली. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. वैद्य झाले, देवऋषी झाले. मी चौथीत होते. एक दिवस मी आपली खेळता खेळता शेजारच्या गोदूआत्याची नक्कल केली. गोदूआत्या दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्याशी कशी भांडते आणि भांडता भांडता त्याच्याच म्हशीच्या दुखण्याची चौकशी कशी करते, ती. आई वळली आणि हसली.

घरात दिवाळी झाली. दादांनी मला उचलून घेतलं. त्या दिवसापासून ते माझं काम झालं. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आत दादा नाहीतर मोठी काकू म्हणायची, "जा, आईला हसव." मी नव्या नव्या नकला शोधायचे. वर्गात बाई काय शिकवतात इकडे लक्ष नसायचं. बाई कशा खोकतात, खडू कसा धरतात, ते मी बघायचे. आईने हसून वळून बघितलं की मी सुटायचे. नाही हसली तर मला जेवण जायचं नाही.

"आणि एका दुपारी," मी म्हटलं, "मी सगळ्यात चांगली नक्कल केली. गोदूआत्या, गवळी, म्हैस, तिघेही. घामाघूम झाले. आई उठून बसली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मला जवळ घेतलं, पदराने माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, 'पुरे गं बाळ. दमलीस.' दादांना वाटलं, ती बरी झाली. ते निर्धास्त होऊन फिरतीवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. आजाराने नाही. आपली आपण गेली."

खोलीत कुणी हसलं नाही.

"नंतर जो तो मला म्हणायचा, पोरी, तू पुण्यवान. शेवटच्या दिवशी आईला हसवलंस. मीही तेच म्हणत आले. माझ्या मुलीलासुद्धा मी खरं सांगितलेलं नाही. आजी आजाराने गेली, आणि जाताना हसत होती, एवढंच तिला माहीत. पण काल..." मी श्रीपतरावांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "काल मला कळलं. तिला हसू येत नव्हतंच. ती बघत होती की पोर घाबरलंय, पोर दमलंय. ती माझ्यासाठी हसत होती. सगळे दिवस."

मी थांबले आणि वाट बघत राहिले. कुणीतरी काहीतरी बोलेल, एखादा विनोद करेल, पाणी आणून देईल. कुणी काही केलं नाही. अण्णा मिटल्या डोळ्यांनी बसले होते. श्रीपतराव रडत होते. एवढ्या मोठ्या शांततेत मी जन्मात कधी बसले नव्हते. आणि त्या शांततेतच दिनकरांचं वाक्य मला ऐकू आलं. ऋजू आज छान होती. हसत होती.

मी ताडकन उभी राहिले. "मला घरी जायचंय. आत्ता."

या वेळी मी पळून जात नव्हते, हे डॉक्टरांना दिसलं असावं. त्या माझ्यासोबत दारापर्यंत आल्या.

"घरी गेल्यावर काय करणार?"

"माहीत नाही."

"मग असं करा. तिला सरळ विचारा. जे विचारायची भीती वाटते तेच विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात वाईट विचार शिरत नाही. असतो तो बाहेर येतो. आणि उत्तर काहीही आलं तरी लगेच मला फोन करा. तोवर तिला एकटी ठेवायची नाही, हे मी दिनकररावांना आत्ता कळवते."

श्रीपतरावांनी आपली जीप काढली. "एस.टी.ची वाट बघत बसू नका," एवढंच म्हणाले. सगळ्या रस्त्यात मी एकदाही बोलले नाही. गाडी मोठी घरघर करत होती. पायांनी मी कधी नसलेला ब्रेक, कधी नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होते. कोल्हापूरच्या वेशीवर श्रीपतराव म्हणाले, "पोचलो, बाई," आणि मला रडू फुटलं. त्यांनी गाडी सावकाश केली, पण थांबवली नाही.

ऋजुता पलंगावर बसली होती. दिनकर खोलीतच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत होते. मला बघताच तिने चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू कसं येतं, ते मी पहिल्यांदाच बघितलं. आधी ओठ. मग गाल. डोळ्यांपर्यंत ते पोचलंच नाही.

"इतक्यात आलीस? हाकललं ना तुला? कुणाची नक्कल केलीस?"

मला सुरू व्हायला तिने जागा करून दिली होती. सवयीने माझं तोंड उघडलंही. अण्णा, पोहे, सगळं जिभेवर आलं. आणि त्याच्या आधीचं तेही मला सापडलं: पोटात पडलेला खड्डा, आणि त्यात चौथीतली मी.

मी तिच्या शेजारी बसले. "ऋजू, तू माझ्यासाठी हसतेस ना?"

तिने बाबांकडे बघितलं. मग चादरीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुला बरं वाटतं म्हणून."

"आता नको हसूस."

तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. महिन्यामहिन्यांचं ओझं उतरावं तसा. खाली जो चेहरा निघाला तो मी ओळखत होते. माझ्या आईचाच होता तो.

"ऋजू, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

दिनकरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. ते काहीतरी बोलणार होते. मी हाताने थांबवलं.

"हो," ती म्हणाली.

मग ती एकेक वाक्य काढू लागली. "पुण्यात असताना हॉस्टेलच्या गच्चीवर जायचे मी. नुसती उभी राहायचे. मग तुझा फोन यायचा. तू काहीतरी गंमत सांगायचीस, मी हसायचे. फोन ठेवला की वाटायचं, हिला कळलं नाही. तुला कळू नये असंच वाटायचं, आई. आणि कळलं नाही म्हणून रागही यायचा. खूप राग यायचा."

"माझा?"

"तुझाच. तू आलीस की मला आधी तुला सांभाळावं लागतं."

हे ऐकताना माझं सगळं अंग उठून पळायला बघत होतं. हसवावं, जवळ घ्यावं, 'वेडी कुठली' म्हणावं, निदान खिडकी तरी लावावी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हटलं, "सांग. आणखी सांग."

ती सांगत राहिली. दिनकर आमच्या पायाशी जमिनीवरच येऊन बसले. अंधारायच्या आत मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांना बोलावलं. तोवर ऋजुताने मला विचारलं होतं, "आजी खरंच आजाराने गेली का?" आणि मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे हे मला एकटीलाच नाही झालेलं."

पुढची दोन-अडीच वर्षं सोपी गेली नाहीत. औषधं होती, उपचार होते, बरे दिवस होते आणि पुन्हा गच्चीचे विचार आलेले दिवस होते. इंजिनिअरिंग सुटलं. मीही डॉक्टरांच्या गटात दर आठवड्याला जात राहिले आणि कित्येक महिने तिथेही वायफळ बोलून वेळ मारून नेली. सवय काही एका जीपच्या फेरीत सुटत नाही. आमच्यात भांडणं झाली, खरी, कडाक्याची. "तू ऐकतेस तेव्हा तुझा चेहरा तपासनिसासारखा होतो," असं ती मला एकदा ओरडून म्हणाली. ते खरं होतं.

ऋजुता आता बेळगावजवळ एका रोपवाटिकेत काम करते. लग्न केलेलं नाही, करणार नाही म्हणते. हाताला सारखी माती असते. कधीमधी भर दुपारी तिचा फोन येतो.

"आई, आज काही खरं नाही गं."

"बरं."

"बरं काय?"

"ऐकतेय."

मग ती बोलते. नाहीतर बोलत नाही, नुसती फोन धरून राहते. तिच्या मागे पाण्याचा पाइप चालू असतो, कुणीतरी कानडीत हाका मारत असतं. मी स्वयंपाकघरात उभी असेन तर गॅस बंद करते आणि खाली बसते.